आज्ञापत्र आणखी थोडं पुढे वाचावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आंतरराष्ट्रीय सुरक्षेवर पानभर लेख छापलात. मथळा होता 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र'. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथातलं हे वाक्य आमच्या किनाऱ्यावर भाषणांतून आणि फलकांवरून सारखं भेटत असतं, म्हणून लेख लगेच वाचायला घेतला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी न्यायाधीश नाही, ज्याने त्याने आपली कातडी वाचवायची आहे, म्हणून बळ वाढवत राहणं एवढंच खरं धोरण, करार, संस्था, मानवी सुरक्षा (म्हणजे राष्ट्राआधी माणसाची सुरक्षा), हवामान हे सगळे 'विद्यापीठांतल्या रिकामटेकड्यांचे चोचले'. लहान राष्ट्रांनी आपली पायरी ओळखून राहावं, असा सल्लाही जाता जाता दिला आहे. या विचाराला वास्तववाद म्हणतात आणि तो ज्याला पटत नाही तो स्वप्नाळू, असा एकूण सूर.

मी स्वप्नाळू माणूस नाही. आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, आता मिऱ्याला घरी असतो. निवृत्तीनंतर दिवस खायला उठले तेव्हा दूरशिक्षणाने राज्यशास्त्रात एम. ए. केलं. (या वयात कशाला, असं विचारणारे अजून भेटतात.) त्यामुळे वास्तववाद्यांचे ग्रंथ परीक्षेच्या निमित्ताने का होईना, नीट वाचावे लागले. ते लिहिणारी माणसं आपल्या लेखकापेक्षा फार सावध होती, असं माझं मत आहे.

हान्स मॉर्गेन्थाऊ हा जर्मनीतला ज्यू. नाझींमुळे देश सोडावा लागलेला. जगाच्या भलेपणावर विसंबून राहिल्याने काय होतं, हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. १९४८ साली त्याने मांडलं की राष्ट्रं सत्तेच्या भाषेतल्या हितसंबंधाने चालतात. पुढे १९७९ साली केनेथ वॉल्ट्झने माणसाचा स्वभाव बाजूला ठेवला आणि सांगितलं की वर कुणी धनी नाही ही रचनाच राष्ट्रांना तसं वागायला लावते, राज्यकर्ते संत असोत की सैतान. जॉन हर्झने १९५० च्या सुमारास दाखवलेला पेच तर मला आजही पटतो: मी बचावासाठी शस्त्र आणलं तरी समोरच्याला ती चढाईची तयारी वाटते, तो आणखी आणतो, आणि शेवटी दोघंही पहिल्यापेक्षा जास्त भीतीत जगतात. हा पेच आपल्या लेखकाने एका ओळीनेही सांगितलेला नाही. सांगितला असता तर 'बळ वाढवा की झालं' हा निष्कर्ष इतक्या सहज निघाला नसता.

याच मॉर्गेन्थाऊने व्हिएतनामच्या युद्धाला उघड विरोध केला. सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ३३ अभ्यासकांनी जाहिरात देऊन इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही असं सांगितलं, त्यांत वॉल्ट्झ होता, आजचा नावाजलेला वास्तववादी मिअरशायमर होता. म्हणजे वास्तववादाचे मोठे पंडित युद्धाला निघालेल्यांचा हात धरत होते, आणि त्यांच्या नावावर छाती पुढे काढून लिहिणारे मात्र सगळीकडे आहेत.

लेखकाने ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं वाक्यही दिलं आहे: बलवान जे जमतं ते करतात, दुबळे जे भोगावं लागतं ते भोगतात. इसवी सनपूर्व ४१६ मध्ये अथेन्सच्या दूतांनी मेलोस बेटावरच्या लोकांना हे ऐकवलं, बेट घेतलं, पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. इथे लेखकाने पुस्तक मिटलं. पण थ्युसिडिडीस पुढे लिहितो, आणि लगेच लिहितो, की पुढच्याच वर्षी हेच अथेन्स याच मस्तीत सिसिलीवर चालून गेलं आणि दोन वर्षांत आपलं आरमार आणि सैन्य तिथे गमावून बसलं. ते वाक्य दूतांच्या तोंडचं आहे. त्याला इतिहासकाराचा उपदेश समजणं म्हणजे नाटकातल्या दुर्योधनाचं भाषण नाटककाराच्या खात्यावर मांडणं.

'लहान राष्ट्रांनी पायरी ओळखावी' हे रत्नागिरीत बसून वाचताना थिबा राजा आठवला नाही तरच नवल. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, आमच्या गावात नजरकैदेत होता. १९१० साली बांधून झालेला त्याचा राजवाडा पर्यटक बघून जातात. फोटो काढतात, खाडीचा देखावा छान आहे म्हणतात. त्याला इथे का आणलं? वास्तववादी उत्तर तयार आहे: फ्रान्सचा ब्रह्मदेशात शिरकाव होईल अशी इंग्रजांना धास्ती होती, हिंदुस्थानची पूर्व सीमा सुरक्षित करायची होती. हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कंपनीला ब्रह्मी दरबाराने सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून मोठा दंड ठोठावला होता, आणि लढाईला निमित्त तेच झालं. पंधरवड्यात लढाई संपली आणि १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. 'राष्ट्राची सुरक्षा' म्हटलं की सागवानाची कंपनी दिसेनाशी होते, ही त्या सिद्धांताची मोठी सोय आहे. कॅनडातले अभ्यासक रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ साली हेच म्हटलं होतं: कुठलाही सिद्धांत कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. जग जसं आहे तसं आम्ही फक्त सांगतो, असं म्हणणाऱ्याला म्हणूनच विचारावं लागतं की बाबा, तू कुठे उभा राहून सांगतोस?

आता विजयदुर्गाकडे येतो. लेखकाने आंग्र्यांचा उल्लेख अभिमानाने केला आहे आणि त्यांचं आरमार कसं बुडालं हे गाळलं आहे. कान्होजी आंग्रे असेपर्यंत इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून १७२१ साली कुलाब्यावर हल्ला करून पाहिला, साधला नाही. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी चाचा आहे. त्याचं परवानापत्र न घेता जाणारं जहाज तो पकडायचा म्हणून चाचा; पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं याच समुद्रात हेच करत होते, पण त्यांच्या परवान्याला राजाचं नाव होतं. कान्होजी १७२९ मध्ये गेला. पुढे त्याचा मुलगा तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानेसा झाला. तो काही साधूपुरुष नव्हता, किनाऱ्यावरच्या लोकांनाही त्याचा जाच होता, हे मान्य. नानासाहेब पेशव्यांनी मग काय केलं? इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची जहाजं आणि क्लाइव्हची पायदळ तुकडी विजयदुर्गावर आली, आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजी उरलेला जन्म कैदेत राहिला. किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरलेला असूनही इंग्रजांनी तो काही महिने सोडला नाही, शेवटी बाणकोट पदरात पाडून घेतलं तेव्हा दिला. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते, आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली.

पुण्याच्या दरबारात बसलेल्या माणसाला हे सगळं चोख राजकारण वाटलं असणार. जवळचा शिरजोर झाला, त्याला लांबच्या बळकटाच्या हाताने वाकवला. सत्तेचा तोल सांभाळला. आज एखादा वास्तववादी म्हणेल की छे, पेशव्यांचा हिशेब चुकला, खरा धोका इंग्रज होता. असेल. पण माझी तक्रार नेमकी इथेच आहे. पेशव्यांनी तुळाजीला बुडवलं तरी सिद्धांत खरा, राखलं असतं तरी खरा. जिंकला तर वास्तववादी म्हणून जिंकला, हरला तर पुरेसा वास्तववादी नव्हता म्हणून हरला. १९८९ ते १९९१ या काळात सोव्हिएत महासत्ता मोठं युद्ध न होता मावळली, ते या पंडितांपैकी जवळजवळ कुणालाच आधी दिसलं नव्हतं, पण नंतर त्याचं स्पष्टीकरण मात्र सगळ्यांकडे होतं. कोणता धोका 'खरा' हे आधी कुणीतरी ठरवतं. पुण्याहून बघताना तुळाजी बंडखोर दिसत होता आणि समुद्र नकाशाच्या कडेला होता. तो ठरवणारा कोण, आणि तो कुठून बघतो, याचं उत्तर वॉल्ट्झच्या रचनेत सापडत नाही. तिथे सगळी राष्ट्रं कॅरमच्या सोंगट्या आहेत, फक्त लहानमोठ्या; सोंगटीच्या आत काय चाललंय ते बघायचंच नाही.

'वर कुणी धनी नाही म्हणजे जंगलराज' हा लेखाचा पाया. समुद्रावर काम केलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं. मध्यरात्री भर समुद्रात दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघंही उजवीकडे वळतात. तिथे पोलीस नसतो. समोरचा कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, ते ठाऊक नसतं. १९७२ चे टक्कर टाळण्याचे नियम आहेत, ते पाळले जातात, मोडले तर बदनामी होते आणि विमेवाला गळा धरतो. यावर वास्तववादी म्हणेल की हे वाहतुकीचे नियम झाले, यात कुणाचा हितसंबंध आड येत नाही. बरं. मग त्याच १९७२ च्या मे महिन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मॉस्कोत जो करार केला त्याचं काय? एकमेकांच्या युद्धनौकांच्या अंगावर जायचं नाही, तोफा रोखायच्या नाहीत, हे त्यात ठरलं. जगाला दहादा भाजून काढतील एवढे अणुबॉम्ब बाळगणारी ही दोन राष्ट्रं, पण त्यांच्या नौदलांनी दरवर्षी भेटून या कराराच्या तक्रारी मिटवल्या. अलेक्झांडर वेंट या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ साली लिहिलं की अराजक म्हणजे राष्ट्रं त्याचं जे करतील ते. वर कुणी नसणं हे सगळ्यांना सारखंच आहे, पण त्यातून वैर निघेल, स्पर्धा निघेल की शेजार, हे एकमेकांशी वागता वागता ठरतं. ब्रिटनचे शेकडो अणुबॉम्ब अमेरिकेला झोपेतून उठवत नाहीत, उत्तर कोरियाचे थोडे उठवतात, हे त्याचंच उदाहरण. बॉम्ब मोजून ही भीती कळत नाही.

आणि भारत-पाकिस्तान? १९८८ च्या कराराप्रमाणे दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं तरी दिली. त्याच दिवशी, आणि पुन्हा १ जुलैला, एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही देतात. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. तरी १ जुलैला यादी आली, आणि पाकिस्तानने दिलेल्या यादीत १९३ मच्छीमार होते. मी काही भाबडेपणाने म्हणत नाही की याद्यांमुळे शांतता आली. सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१, १९९९ या तिन्ही लढायांतून तगला होता आणि एप्रिल २०२५ मध्ये तो स्थगित झालाच. करार मोडतात. पण इतकी वर्षं का टिकतात, याचंही उत्तर द्यावं लागेल, आणि 'चोचले' हे ते उत्तर नव्हे.

एक माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट लिहितो, कारण लेखात इराण आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीवर फार मोकळेपणाने लिहिलं आहे. इराण-इराक युद्धात १९८४ पासून दोन्ही बाजूंनी तेलवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले. मी तेव्हा टँकरवर सेकंड ऑफिसर होतो, बारा ते चारची वॉच माझी. होर्मुझच्या अलीकडे फुजैरा बंदराच्या बाहेर नांगर टाकून आत जायच्या हुकुमाची वाट बघत जहाजांची रांग उभी असायची. रात्री दिवे मालवून आत शिरायचं. म्हणजे आयुष्यभर जे नियम पाळायला शिकलो तेच मोडायचे. रडारवर छोटा ठिपका जोरात येताना दिसला की तो मासेमारीचा होडका आहे की गनबोट, हे तो जवळ येईपर्यंत कळत नसे. कंपनी मूळ पगाराएवढा युद्धभत्ता द्यायची आणि आम्ही तो घ्यायचो. मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या 'स्टार्क' या युद्धनौकेवर दोन क्षेपणास्त्रं आदळून ३७ खलाशी मेले. डागणारं विमान इराकचं होतं, म्हणजे अमेरिका ज्याच्या बाजूला झुकली होती त्याचंच. जुलै १९८८ मध्ये 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान चढाईचं विमान समजून पाडलं, २९० माणसं गेली. हर्झने लिहिलेला पेच वर्गात एका आकृतीत दाखवतात. तिथे तो कंट्रोल रूममधल्या घाबरलेल्या पोरांच्या रूपात होता.

त्या युद्धात शेकडो व्यापारी खलाशी मेले. ते कोणत्या राष्ट्राच्या बळाच्या हिशेबात धरायचे? जहाजाचा मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, तेल जपानला, खलाशी रत्नागिरीचे आणि फिलिपिन्सचे. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर येमेनच्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी गेले, त्याचीही हीच तऱ्हा: झेंडा बार्बाडोसचा, कारभार ग्रीसमधून, मेलेले दोघे फिलिपिन्सचे आणि एक व्हिएतनामचा. वाचलेल्यांना उचललं आपल्या आयएनएस कोलकाताने, त्यांत भारतीय एकच होता. नौदलाने आधी पासपोर्ट विचारले नाहीत. मला त्या दिवशी आपल्या आरमाराचा जेवढा अभिमान वाटला तेवढा संचलन बघून कधी वाटलेला नाही.

हे पत्र सौ.ला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "भत्त्याचं लिहिलंत, पण तेव्हा इथे घरात बातम्यांना रेडिओला कान लावून कोण बसायचं ते नाही लिहिलंत." मग लिहितो. स्त्रीवादी अभ्यासक जे. ॲन टिकनर यांनी १९८८ साली मॉर्गेन्थाऊचे सहा सिद्धांत एकेक करून तपासले आणि दाखवलं की त्यातला 'स्वभावतः सत्ता शोधणारा माणूस' हा निम्म्याच माणसांचा अनुभव आहे. त्याच वाटेवरच्या सिंथिया एन्लो यांचा प्रश्न तर साधाच असतो: यात बायका कुठे आहेत? आमच्या किनाऱ्यावर याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पुरुष बोटीवर किंवा आखातात, आणि घर, वाडी, मासळीबाजार, बँक, म्हातारी माणसं हे सगळं जिच्या गळ्यात, तिला तेलाच्या राजकारणाची झळ आधी लागते. सुरक्षेवरच्या परिसंवादात ती नसते.

या किनाऱ्याला खरा धोका नाही, असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि पुढच्या महिन्यात मुंबईत फुटलं. २००८ मध्ये कराचीहून आलेल्यांनी 'कुबेर' बोट पळवली. त्या हल्ल्यातले पहिले बळी त्या बोटीवरचे खलाशी होते, हे आपण विसरतो. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींना ठरावीक रंग आले. गरज होतीच. पण तेव्हापासून मच्छीमाराची अवस्था चमत्कारिक झाली: सभेत त्याला 'देशाचे डोळे आणि कान' म्हणतात आणि पाण्यात गेल्यावर पहिला संशय त्याच्यावर. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला 'लेडी हान' नावाची बेवारस नौका लागली, आत एके-४७ रायफली. दिवसभर सगळा कोकण श्वास रोखून होता, नाकाबंदी, वाहिन्यांच्या गाड्या. संध्याकाळपर्यंत कळलं की ती एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बिघडल्यावर सोडून दिलेली आणि पावसाळी समुद्राने आमच्याकडे ढकललेली. तपास व्हायलाच हवा होता. पण त्याच श्रीवर्धन-हरिहरेश्वर-दिवेआगरच्या पट्ट्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ चढलं तेव्हा पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला वर्षं जातात. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. या संकटाला झेंडा नाही, चेहरा नाही, म्हणून वास्तववादाच्या यादीत ते 'सुरक्षा' ठरत नाही, नुकसानभरपाईचं प्रकरण ठरतं आणि तलाठ्याच्या टेबलावर जातं.

उलट, एखाद्या गोष्टीवर सुरक्षेचा शिक्का बसला की ती चर्चेतून उठते, हे कोपनहेगन पंथाचे अभ्यासक ओले वेव्हर आणि बॅरी बुझान यांनी दाखवलं. आम्ही ते जैतापूरला बघितलं. माडबनच्या सड्यावर ९९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प देशाच्या ऊर्जासुरक्षेसाठी हवा, असं ठरल्यावर जमिनीचं काय, खाडीतल्या मासळीचं काय, हे विचारणारा विकासविरोधी झाला आणि मग परका हस्तक. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती गुप्त ठेवायची मुभा होतीच. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटेला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. प्रकल्प बरा की वाईट, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण प्रश्न विचारणारा शत्रूच्या रांगेत कसा गेला, याचं उत्तर लेखकाने द्यावं.

'मानवी सुरक्षा' ही कल्पना परकी आणि मवाळ आहे, असं लेखात आहे. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून ती जगभर गेली आणि तिच्यामागे महबूब उल हक होते, म्हणजे पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री. तेव्हा 'परकी' म्हणायला लेखकाला आणखी एक कारण मिळेल. पण मग कौटिल्य काय म्हणतो? त्याचं नाव लेखात चारदा आलं आहे. राज्याची सात अंगं सांगताना कौटिल्य जनपद, म्हणजे भूमी आणि माणसं, तिसरं ठेवतो आणि सैन्य, म्हणजे दंड, सहावं. राजाने ज्या आठ महाभयांपासून प्रजा राखायची त्यांत आग, पूर, रोगराई, दुष्काळ आहेत, उंदीरसुद्धा आहेत. 'प्रजासुखे सुखं राज्ञः' हे त्याचंच. तो गुप्तहेर आणि विषप्रयोगही शिकवतो, नाही असं नाही. पण ज्याला उंदरांची काळजी होती त्याला निव्वळ सत्तेच्या तोलाचा पुरोहित करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि आता ते आज्ञापत्र. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलं गेलं असं मानतात. आरमार हे स्वतंत्र राज्यांगच आहे, ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र, हे अमात्य लिहितात ते अगदी खरं, आणि लेखकाने तेवढंच उचललं. त्याच आरमाराच्या प्रकरणात पुढे जहाजांच्या लाकडाचं येतं. साग वगैरे लागेल ते स्वराज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडून न्यावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं. आंबा-फणसाची लाकडंही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जतन करून वाढवलेली असतात, ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पारावार काय? एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. जबरदस्ती अजिबात करायची नाही.

म्हणजे समुद्रावर सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज हे सगळे टपलेले असताना आरमार बांधणारा हा माणूस आहे. त्याला बळाची गरज आपल्या लेखकापेक्षा कमी कळत नव्हती. तरीही आरमाराच्या वल्ह्या-डोलकाठ्यांइतकंच परसातल्या फणसाचं झाड त्याच्या हिशेबात आहे, आणि ते भावनेपोटी नाही. झाड गेलेली रयत राज्याची राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणाची सुरक्षा आणि कुणाच्या परसातून, हे दोन प्रश्न पाश्चात्त्य टीकाकारांनी गेल्या चाळीस वर्षांत नव्याने विचारले म्हणून ते परके होत नाहीत. लेखकाने पुढचा भाग लिहिताना या दोन प्रश्नांना एक परिच्छेद द्यावा.

आपल्यालाही एक विनंती. १ जानेवारी आणि १ जुलैच्या याद्यांची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत येते, तीही दिल्लीच्या वृत्तसंस्थेची. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी त्या यादीत असतात, आणि मजुरीच्या त्या काही महिन्यांसाठी कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. आपला पालघरचा वार्ताहर त्या दिवशी त्यांच्या घरी पाठवा, घर चालवणारी बाई काय सांगते ते छापा, आणि यादीतले किती सुटले तेही सहा महिन्यांनी छापा. सुरक्षेच्या पुरवणीतच छापा, ही अट मात्र आहे.

नाव छापू नये, मुलगा अजून बोटीवर आहे.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर
मिऱ्या, रत्नागिरी